बिंदूंची हजेरी, रेघांची मोजणी



ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बायकांना एक नियम कोणी शिकवावा लागत नाही. आधी सगळे ठिपके मांडायचे, ओळीओळीने मोजून घ्यायचे आणि मगच रेघेला हात घालायचा. रांगोळी पुरी झाल्यावर एखादा ठिपका कुठल्याच रेघेत न येता कोरा राहिला, तर येणाजाणाऱ्याचं लक्ष आधी त्याच्याकडेच जातं.

आजचा लेख या ठिपक्यांचा आणि रेघांचा आहे. गणितवाले या जोडीला ‘ग्राफ’ म्हणतात. (शाळेत चौकटीच्या कागदावर काढतात तो चढउताराचा आलेख निराळा. नाव एक, माणसं दोन.) ठिपका म्हणजे ‘नोड’, रेघ म्हणजे ‘एज’. ठिपका गाव असू शकेल, माणूस असू शकेल. रेघ म्हणजे रस्ता, ओळख, नातं, काहीही. असा ग्राफ हाती आला की पहिली दोन कामं ठरलेली: सगळ्या ठिपक्यांवरून एकेकदा जाणे आणि सगळ्या रेघांवरून एकेकदा जाणे. ऐकायला दोन्ही सारखीच वाटतात. ती सारखी नाहीत, आणि का नाहीत हे कळायला सव्वादोनशेहून अधिक वर्षं लागली.

मी गणिताचा नव्हे. मराठी माध्यमातून बी.ए. झालेला आणि जन्मभर इतिहास शिकवलेला मास्तर. पण सत्तरी ओलांडल्यावर नातीने लॅपटॉपवर ‘पायथन’ बसवून दिली आणि म्हणाली, “आजोबा, शब्दकोडी पुरे झाली, आता हे करा.” तिच्या कामात ‘नेटवर्कएक्स’ नावाचं एक तयार भांडार लागतं, ग्राफ मांडायला आणि चाळायला लागणारी सगळी अवजारं त्यात आहेत. त्यातली पहिली दोन अवजारं मला शिकवली गेली: नोड एकामागून एक चाळणे आणि एज एकामागून एक चाळणे. पहिलं पाहताच मी म्हटलं, “ही तर हजेरी!” दुसऱ्याला मात्र वर्गात नाव नव्हतं. तिथूनच इतिहासाच्या मास्तराची खोड जागी झाली: हे आलं कुठून?

तर सुरुवात करू १७३५ पासून. प्रशियात प्रेगेल नदीवर क्योनिग्सबर्ग नावाचं शहर होतं. नदीत क्नाइफॉफ हे बेट, दोन्ही काठांना वस्ती, पूर्वेला नदीच्या दोन फाट्यांमधली जमीन, आणि या चार भूभागांना जोडणारे सात पूल. प्रत्येक पुलावरून एकदाच जाऊन सगळे सात पूल ओलांडता येतील का, असा तिथल्या लोकांचा प्रश्न होता. (तत्त्वज्ञ कान्ट याच शहरातला. १७३५ साली तो अकरा वर्षांचा होता.) डान्झिगचे महापौर कार्ल एलर यांच्या पत्रव्यवहारातून हा प्रश्न सेंट पीटर्सबर्गच्या लिओनार्ड ऑयलरपर्यंत आला. ऑयलरने एलरना उत्तर लिहिताना म्हटलं, की याचा गणिताशी फारसा संबंध दिसत नाही, हे तर नुसत्या तर्काने सुटतं. मग गणितज्ञाकडूनच उत्तराची अपेक्षा का धरता? असं म्हणूनही २६ ऑगस्ट १७३५ रोजी त्याने अकादमीपुढे यावर निबंध वाचला होताच! तो अकादमीच्या १७३६ सालच्या खंडातला. छापून बाहेर पडला १७४१ मध्ये.

ऑयलरचं उत्तर असं. रस्त्यांची लांबी, नदीचं वळण, पुलाची रुंदी हे सगळं विसरा. चार भूभागांना चार अक्षरं द्या आणि कोणत्या भूभागाला किती पूल लागतात एवढंच मोजा. क्नाइफॉफला पाच, बाकीच्या तिघांना प्रत्येकी तीन. आता ज्या भूभागात आपण वाटेत येतो तिथे एका पुलाने आत शिरतो आणि दुसऱ्याने बाहेर पडतो. म्हणजे पूल जोडीजोडीने संपतात. विषम पुलांचा भूभाग फक्त प्रवासाच्या सुरुवातीला किंवा शेवटी चालेल. असे दोनच खपतील. इथे चारही विषम! तेव्हा अशी फेरी नाही.

सगळ्या पुस्तकांत एवढंच सांगतात. पण त्या निबंधात एक लहानसं निरीक्षण आहे, त्यावर माझं मन बसलं. सगळ्या भूभागांचे पूल मिळवा: पाच, तीन, तीन, तीन. बेरीज चौदा. पूल मात्र सातच. ऑयलर सांगतो, प्रत्येक पुलाला दोन टोकं असतात, म्हणून या मोजणीत प्रत्येक पूल दोनदा आला. एका टोकाने एकदा, दुसऱ्या टोकाने एकदा. म्हणून ही बेरीज नेहमी समच येते. पुढे याला हस्तांदोलनाचा नियम म्हणू लागले: समारंभात प्रत्येकाला विचारलं की तू कितीजणांशी हात मिळवलास, आणि बेरीज केली, तर ती खऱ्या हस्तांदोलनांच्या दुप्पट भरते. हा दोनदा मोजलेला पूल लक्षात असू द्या, तो पुन्हा भेटणार आहे.

आणखी एक गंमत. ऑयलरने ठिपके आणि रेघा काढल्याच नव्हत्या. त्याच्या निबंधात नदीचा नकाशा आहे. क्योनिग्सबर्गचं चार ठिपके-सात रेघांचं जे चित्र आज पाठ्यपुस्तकात असतं, ते प्रथम आलं १८९२ साली राउझ बॉल यांच्या मनोरंजक गणिताच्या पुस्तकात. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांनी!

ऑयलरने ‘केव्हा जमणार नाही’ ते नीट सिद्ध केलं. ‘केव्हा नक्की जमेल’ याची पुरती सिद्धता मात्र राहिली. ती दिली कार्ल हिअरहोल्झर नावाच्या जर्मन तरुणाने. आपली सिद्धता त्याने सहकाऱ्यांना सांगितली आणि लवकरच, १८७१ साली, तो वारला. वय जेमतेम तीस-एकतीस. लिहून ठेवलेलं काही नव्हतं. याकोब ल्यूरोट यांनी दुसऱ्या एका सहकाऱ्याच्या मदतीने, आठवून आठवून ती लिहून काढली आणि १८७३ मध्ये त्याच्या नावाने छापली. आपल्याकडे मौखिक परंपरेचं कौतुक असतं, पण गणितातला एवढा महत्त्वाचा धडाही दोन मित्रांच्या आठवणीवर तगला, हे किती जणांना ठाऊक असेल?

हे झालं रेघांचं. आता ठिपके. प्रत्येक ठिपक्यावर एकदाच पाय ठेवत, रेघांवरूनच चालत फेरी पुरी करायची, हा खेळ आपल्याकडे फार जुना. बुद्धिबळाचा घोडा प्रत्येक घरात एकदाच नेऊन सगळी घरं संपवायची. नवव्या शतकातल्या काश्मीरच्या रुद्रटाने ‘काव्यालंकारा’त तुरगपदबंध दिला आहे. अर्ध्या पटाच्या ३२ घरांत अक्षरं अशी बसवायची, की सरळ वाचलं तरी तोच श्लोक आणि घोड्याच्या चालीने वाचलं तरी तोच! पुढे सतराव्या शतकात काशीच्या नीलकंठभट्टांच्या ‘भगवंतभास्करा’तल्या नीतिमयूखात बुद्धिबळाची चर्चा येते आणि तिथे पूर्ण पटावरच्या घोड्याच्या फेऱ्या आहेत. हे भट्ट घराणं मूळचं आपल्या पैठणचं, सोळाव्या शतकात काशीला गेलेलं. याच ग्रंथाचा व्यवहारमयूख पुढे मुंबई इलाख्यातल्या कोर्टांत वारसाहक्काच्या खटल्यांत आधाराला घेत आणि त्याचं संपादन भारतरत्न पां. वा. काणे यांनी केलं, हे जाणकारांना माहीत असेल. वाटण्यांचा कायदा आणि घोड्याची फेरी एकाच ग्रंथात! ऑयलरनेही १७५९ च्या सुमारास या घोड्यावर निबंध लिहिला. पटाची ६४ घरं म्हणजे ६४ ठिपके आणि घोड्याच्या चाली म्हणजे १६८ रेघा.

१८५७ मध्ये आयर्लंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी वीस ठिपके आणि तीस रेघांचा असाच एक खेळ काढला, म्हणून अशा फेरीला त्यांचं नाव लागलं. (टॉमस कर्कमन या धर्मोपदेशकाने हा प्रश्न थोडा आधीच मांडला होता. नाव मात्र हॅमिल्टनचं झालं. असं होतं.) आणि आता खरी गोम. सगळ्या रेघा एकदाच ओलांडता येतील का, हे ऑयलरच्या नियमाने बसल्या बसल्या कळतं: नुसतं सम-विषम पाहायचं. सगळ्या ठिपक्यांवर एकदाच जाता येईल का, याला मात्र असा सोपा नियम आजवर कोणालाही सापडलेला नाही. १९७२ मध्ये रिचर्ड कार्प यांनी ज्या २१ प्रश्नांचं काठिण्य एकाच जातीचं आहे असं दाखवलं, त्यांत हा प्रश्न आहे. रेघांची फेरी सोपी, ठिपक्यांची अवघड. कुणाला खरं वाटलं असतं?

पण हे झालं चालत जाणाऱ्याचं. हजेरी घेणारा मास्तर चालत नाही, खुर्चीवर बसून पट वाचतो. त्याला रेघेवरून जायचं बंधन नाही. संगणकाला पुष्कळदा एवढंच हवं असतं: सगळे नोड एकेकदा समोर यावेत, सगळ्या एज एकेकदा समोर याव्यात, कोणी सुटू नये, कोणी दोनदा येऊ नये. यात अवघड काय? अवघड आहे ते पट कसा लिहिलाय त्यावर.

पन्नास मुलांच्या वर्गाची मैत्री तक्त्यात मांडली, तर ५० गुणिले ५० म्हणजे २५०० घरं होतात. बहुतेक रिकामी, पण वाचताना सगळी वाचावी लागतात. हजार माणसं झाली की दहा लाख घरं. १९७० च्या सुमारास जॉन हॉपक्रॉफ्ट आणि रॉबर्ट टार्जन यांनी तक्ता सोडून यादी धरली. प्रत्येक नावापुढे त्याच्या शेजाऱ्यांची नावं लिहायची, एवढंच. त्यांच्या १९७२-७३ च्या निबंधांमुळे ही मांडणी रूढ झाली आणि काम ठिपके अधिक रेघा यांच्या प्रमाणात होऊ लागलं. १९८६ चं ट्यूरिंग पारितोषिक या दोघांना मिळालं.

त्याच दशकात अमेरिकेतल्या एमआयटीत बार्बरा लिस्कॉव्ह यांच्या गटाने ‘क्लू’ ही भाषा केली. तिच्यात एक नवी सोय आली: सगळी यादी एकदम हातात देऊ नका, मागितलं की पुढचा एक द्या, आणि आपण कुठवर आलो ते तुमचं तुम्ही लक्षात ठेवा. जपमाळेसारखं. मणी पुढे सरतो, माळ मोजायची गरज पडत नाही. पायथनमध्ये ही सोय २००१ पासून आहे. ग्राफच्या भांडारांत पाहिलं, तर जर्मनीत सारब्र्युकनला १९८८ पासून कुर्ट मेलहॉर्न आणि श्टेफान नेहर यांनी ‘लेडा’ बांधलं. त्यात ‘सगळ्या नोडसाठी’ आणि ‘सगळ्या एजसाठी’ अशा अर्थाचे दोन सुटसुटीत शब्दच ठेवले होते. मग २००० साली ‘बूस्ट’चं भांडार आलं. आणि २००२-०३ मध्ये अ‍ॅरिक हॅगबर्ग, डॅन शुल्ट आणि पीटर स्वार्ट यांनी ‘नेटवर्कएक्स’ लिहिलं. ते २००५ च्या एप्रिलमध्ये सर्वांसाठी खुलं झालं. हॅगबर्ग आणि स्वार्ट लॉस अलामॉसचे. जिथे अणुबाँब झाला, तेच ठिकाण!

नेटवर्कएक्समध्ये वह्यांची एक मोठी वही असते. प्रत्येक नोडचं एक पान, पानावर शेजाऱ्यांची नावं. नोड चाळायचे म्हणजे पानांचे मथळे वाचत जायचं. ज्या क्रमाने नावं घातली त्याच क्रमाने ती येतात. (पायथनने हा क्रम पाळण्याची हमी २०१८ पासून दिली, त्याआधी हजेरी कुठल्याही क्रमाने व्हायची.) एज चाळताना मात्र ऑयलरचा तो पूल आडवा येतो. गणपतच्या पानावर सखाराम आहे आणि सखारामच्या पानावर गणपत आहे. मैत्री एक, नोंदी दोन. सरळ वाचत गेलं तर सात पुलांचे चौदा होतात! मग हे भांडार काय करतं? एक पान वाचून संपलं की त्या नावावर खूण करतं. पुढच्या पानांवर खूण झालेलं नाव दिसलं, की ही रेघ येऊन गेली म्हणून सोडून देतं. मला ही युक्ती फार आवडली. २६ ऑगस्ट १७३५ ला जे वाचलं गेलं, ते आज पाच-सहा ओळींत रोज कोट्यवधी वेळा घडतं आहे.

आणखी एक. नेटवर्कएक्सच्या साध्या ‘ग्राफ’मध्ये दोन ठिपक्यांत एकच रेघ राहते. तीच दुसऱ्यांदा घातली तर नवी धरत नाही. क्योनिग्सबर्गमध्ये बेटातून उत्तर काठाला दोन पूल होते आणि दक्षिण काठाला दोन. साध्या ग्राफमध्ये हे शहर घातलं आणि एज मोजल्या, तर पाच येतात. दोन पूल गडप! सात हवे असतील तर ‘मल्टिग्राफ’ घ्यावा लागतो. आता इतिहास पाहा. ऑगस्ट १९४४ मध्ये ब्रिटिश विमानांनी क्योनिग्सबर्गचा मध्यभाग जाळून टाकला. १९४५ मध्ये शहर सोव्हिएत रशियाकडे गेलं आणि १९४६ मध्ये त्याचं कालिनिनग्राड झालं. बाँबहल्ल्यात जुन्या सातांपैकी दोन पूल गेले ते पुन्हा झाले नाहीत. त्यातला एक बेट आणि उत्तर काठ यांच्यातल्या जोडीतला, दुसरा बेट आणि दक्षिण काठ यांच्यातल्या जोडीतला. म्हणजे साधा ग्राफ जे दोन पूल विसरतो, नेमके त्याच दोन जोड्यांतले एकेक पूल युद्धाने उडवले. उरलेल्या पाच जागांवरून (नंतरचे नवे पूल सोडून) आता ऑयलरची फेरी जमते. बेटावरून निघायचं आणि पूर्वेच्या भूभागावर संपवायचं. कोडं सुटलं, पण काय किंमत देऊन!

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येतो. ठिपका म्हणजे माणूस आणि रेघ म्हणजे जिव्हाळा, हे चित्र प्रथम मनापासून काढलं याकोब मोरेनो या डॉक्टरने. जन्म बुखारेस्टचा, शिक्षण व्हिएन्नाचं, १९२५ मध्ये अमेरिकेत. ब्रुकलिनच्या एका सरकारी शाळेत त्याने मुलांना विचारलं, तुला शेजारी कोण बसायला हवं? उत्तरांच्या रेघा काढल्या. मुलगे त्रिकोण, मुली वर्तुळं, निवड म्हणजे बाण. अगदी लहान वर्गांत मुलगे-मुली एकमेकांना बेधडक निवडत. मधल्या इयत्तांत दोन वेगळे पुंजके होत, आणि आठवीत पुन्हा एखाददुसरी रेघ पलीकडे जाऊ लागे. शिक्षकांना हसू येईल; आपण हे वर्षानुवर्षं पाहिलं, फक्त काढलं नाही! १९३२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हडसनच्या मुलींच्या सुधारगृहातून दोन आठवड्यांत १४ मुली पळाल्या, नेहमीच्या तीसपट. मोरेनो आणि हेलन जेनिंग्ज यांनी तिथल्या मुलींच्या रेघा काढल्या आणि मांडलं, की कारण एकेका मुलीच्या स्वभावात शोधू नका. कोण कोणाशी जोडली आहे ते पाहा, पळण्याची लाट त्या वाटेने गेली आहे. १९३४ च्या त्याच्या पुस्तकात ही चित्रं आहेत. त्या चित्रांत काही ठिपके एकटे आहेत. त्यांच्याकडे एकही बाण येत नाही.

आणि इथे हजेरीचा आणि रेघांच्या मोजणीचा खरा फरक उघडा पडतो. नोड चाळले तर एकटा ठिपका समोर येतो. एज चाळल्या तर तो येतच नाही! कारण त्याला रेघच नाही. कार्यक्रम अडखळत नाही, तक्रार करत नाही, सगळं व्यवस्थित झालं असं दिसतं. इतकंच काय, हा ग्राफ नुसत्या एजच्या यादीने फाइलीत उतरवला आणि उद्या परत उघडला, तर एकटे ठिपके त्यात नसतात. हे त्या भांडाराच्या माहितीपत्रकातच सांगितलं आहे, की या पद्धतीत एकट्या नोडला जागा नाही.

हे वाचलं आणि मला ऐंशीच्या दशकातली एक सहल आठवली. आठवीचा वर्ग, मुलं ५२. सहलीचे गट पाडायचे म्हणून प्रत्येकाकडून चिठ्ठी घेतली होती: कोणाबरोबर राहायला आवडेल, दोन नावं. चिठ्ठ्यांवरून गट पाडले, याद्या फळ्यावर लावल्या. मग सवयीप्रमाणे पट घेऊन ताडून पाहिलं, तर गटांत ५१. एका मुलाचं नाव कोणत्याच चिठ्ठीवर नव्हतं आणि त्याने स्वतः कोरी चिठ्ठी टाकली होती. गावात नवीन आलेला, वडील बदलीच्या नोकरीतले. चिठ्ठ्या नीट वाचल्या होत्या, गट नीट पाडले होते, कुठे काही बिघडलं नव्हतं. तरी तो नव्हता. त्याला मी डबे आणि पाण्याच्या बाटल्या मोजायचं काम दिलं, म्हणजे प्रत्येक गटाकडे त्याला जावंच लागलं. परतीच्या एसटीत तो मागच्या बाकावर चौघांत दाटीवाटीने बसला होता. पटावर नाव नसतं तर हे काहीच झालं नसतं.

या विषयात शिकाऊ मंडळी ज्या उदाहरणावर हात बसवतात तेही मला म्हणूनच वेगळं दिसू लागलं. वेन झॅकरी यांनी १९७० ते १९७२ या काळात अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा कराटे क्लब अभ्यासला. निबंध आला १९७७ मध्ये. प्रशिक्षक आणि अध्यक्ष यांचं भांडण होऊन क्लब फुटला. कोण कोणत्या बाजूला जाईल हे झॅकरींनी रेघांवरून काढलं आणि एक सोडून सगळ्यांच्या बाबतीत ते बरोबर ठरलं. तो एक नववा सभासद. त्याचा कल अध्यक्षांकडे, पण काळ्या पट्ट्याची परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली, म्हणून गेला प्रशिक्षकाकडे! (माणूस आहे हो शेवटी.) नेटवर्कएक्समध्ये हा क्लब तयारच मिळतो: ३४ नोड, ७८ एज. जगभरची मुलं तो चाळतात. पण मूळ निबंधात लिहिलं आहे, की क्लबाचे सभासद ५० ते १०० च्या दरम्यान होते. चित्र आहे ते क्लबाबाहेरही ज्यांचं एकमेकांशी येणंजाणं होतं अशा ३४ जणांचं. बाकीचे कराटे करून घरी जात असावेत. झॅकरींचा प्रश्न रेघांचा होता, तेव्हा त्यांना दोष नाही. पण ‘क्लब’ म्हणून आपण जो चाळतो, त्यात ते नाहीत, आणि आता कोणत्याही चाळणीने ते सापडणार नाहीत.

चाळतानाचा आणखी एक नियम सांगून थांबतो. हजेरी चालू असताना पटावरची नावं खोडू नयेत. नेटवर्कएक्समध्ये पूर्वी ‘नोड्स’ मागितले की यादीची नक्कल मिळे. मग मूळ पटावर खुशाल खाडाखोड करा. सप्टेंबर २०१७ मध्ये दुसरी आवृत्ती आली, तेव्हापासून नक्कल नाही, मूळ पटच समोर धरतात. जागा वाचते, वेळ वाचतो. पण चाळता चाळता एखादा नोड काढला, की काम जागच्या जागी थांबतं आणि मोजणी चालू असताना वहीचा आकार बदलला अशी तक्रार येते. ज्यांना खोडायचंच असेल त्यांनी आधी नक्कल करून घ्यावी. मला ही तक्रार शहाणपणाची वाटते. मोजणी चालू असताना माणसं कमी झाली, तर निदान कोणीतरी ओरडलं पाहिजे.

एकटे नोड वेगळे काढून देणारं अवजारही या भांडारात आहे. पण ते आपणहून चालत नाही. मागावं लागतं.

हे सगळं आपल्या घरालाही लागू आहे, म्हणून नातेवाईक मंडळींसाठी दोन शब्द. हल्ली आपण माणसं आठवतो ती रेघांवरून. ज्याचा फोन येतो तो, ज्याचा फोटो येतो तो, लग्नाची यादी करताना ज्याच्याकडे गेल्या वर्षी गेलो होतो तो. या पद्धतीत चूक काहीच दिसत नाही आणि एखादी आत्या, एखादा निवृत्त, एकटा राहणारा चुलतभाऊ यादीत येत नाही. रेघा नंतर मोजा, त्याही मोजा, त्यांतच आयुष्याची गोडी आहे. पण महिन्यातून एकदा तरी पट काढून पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत हजेरी घेत जा.

असो. पुष्कळ लांबलं. ज्यांनी इथवर वाचलं त्या सगळ्यांची हजेरी लागली!